दक्षिण आकाशातील रूपविकारी तारा ‘आर रेटिक्युली’ : शोध, स्वरूप आणि नंदुरबार जिल्ह्यातून वेध घेण्याच्या शक्यता

सारांश :
इ. स. १८६७ मध्ये मद्रास वेधशाळेतील भारतीय सहायक चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी दक्षिण आकाशातील एका मंद ताऱ्याची तेजस्विता बदलते, हे ओळखले. तो तारा आज ‘आर रेटिक्युली’ या नावाने ओळखला जातो. तो मीरा वर्गातील तांबडा राक्षसी तारा असून त्याचे तेज सुमारे २७८ दिवसांच्या आवर्तनात कमी-अधिक होते. प्रस्तुत लेखात या ताऱ्याच्या शोधाची पार्श्वभूमी, त्याचे भौतिक स्वरूप आणि नंदुरबार जिल्ह्याच्या अक्षांशावरून त्याचा व त्याच्या वर्गातील इतर ताऱ्यांचा वेध घेण्याच्या शक्यता व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रूपविकारी तारा, मीरा वर्ग, प्रत, क्रांती, वातावरणीय शोषण, मद्रास वेधशाळा.

१. प्रस्तावना :

आकाशातील तारे अढळ आणि अविकारी आहेत, ही समजूत मानवी संस्कृतीत फार प्राचीन आहे. ग्रह चालतात, चंद्राच्या कला बदलतात, धूमकेतू येतात आणि जातात. परंतु तारे मात्र जसेच्या तसे राहतात, असे सर्वसाधारणपणे मानले जात असे. या समजुतीला पहिला मोठा तडा १५९६ साली गेला. डेव्हिड फॅब्रिशियस यांना तिमिंगल तारकासमूहात एक तारा दिसला आणि काही काळाने तो दिसेनासा झाला. पुढे १६३८ साली योहानेस होलवार्डा यांनी हा तारा ठराविक काळाने पुन्हा प्रकट होतो, हे दाखवून दिले. हेवेलियस यांनी त्यास ‘मीरा’, म्हणजे आश्चर्यकारक, असे नाव दिले. त्याच्यासारखे वागणारे असंख्य तारे नंतर सापडत गेले आणि हा संपूर्ण वर्गच ‘मीरा वर्ग’ म्हणून प्रस्थापित झाला.

या वर्गातील एका ताऱ्याचा शोध भारतीय भूमीवरून, एका भारतीय निरीक्षकाने लावला, ही गोष्ट महाविद्यालयीन पाठ्यक्रमांत क्वचितच आढळते. वास्तविक पाहता, या एका ताऱ्याच्या निमित्ताने विज्ञानाचा इतिहास, ताऱ्यांची उत्क्रांती, गोलीय त्रिकोणमिती आणि वातावरणाचे भौतिकशास्त्र असे चार विषय एकत्र गुंफता येतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे मोठी उपकरणे उपलब्ध नाहीत परंतु सातपुड्याच्या कुशीत अद्याप काळोखे आकाश शिल्लक आहे, तेथील अध्यापकांसाठी हा विषय केवळ माहितीपुरता राहत नाही. अल्प साधनांतून कोणते संशोधन शक्य आहे आणि कोणते नाही, हा प्रश्न त्यामागे उभा आहे.

२. शोधाची पार्श्वभूमी :

मद्रास येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने १७९२ साली उभी राहिली. १८६१ ते १८९१ या काळात नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे तेथील शासकीय ज्योतिर्विद होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या अभ्यासात पॉगसन यांचे नाव एका मूलभूत कारणासाठी घेतले जाते. प्राचीन काळापासून नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांची विभागणी सहा प्रतींत केली जात असे. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे व जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, अशी ती पद्धत होती. पॉगसन यांनी १८५६ साली या पद्धतीस गणिती रूप दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत बरोबर शंभर पटींचा फरक, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार एका प्रतीच्या फरकाने तेज सुमारे २·५१२ पटींनी बदलते. आजही जगभर हेच प्रमाण वापरात आहे.

चिंतामणी रघुनाथाचार्य हे याच वेधशाळेत सहायक म्हणून कार्यरत होते व पुढे ते प्रथम सहायक झाले. वेधशाळेच्या ताऱ्यांच्या यादीसाठी घेतलेल्या वेधांमध्ये त्यांचा वाटा फार मोठा होता. अशा कामात तोच तो तारा पुन:पुन्हा पाहावा लागतो, त्याची स्थिती व प्रत नोंदवावी लागते. काम कंटाळवाणे असले तरी बदल ओळखण्यास लागणारी नजर त्यातूनच तयार होते. जानेवारी १८६७ मध्ये रेटिक्युलम (जालक) या तारकासमूहातील एका ताऱ्याची तेजस्विता स्थिर नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ‘आर रेटिक्युली’चा शोध तो हाच होय.

या नावाची फोडही उद्बोधक आहे. अर्गेलांडर यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे एखाद्या तारकासमूहातील, ज्यास अन्य नाव नाही अशा पहिल्या रूपविकारी ताऱ्यास ‘आर’ हे अक्षर दिले जाते. त्यानंतर ‘एस’पासून ‘झेड’पर्यंतची अक्षरे आणि पुढे अक्षरांच्या जोड्या येतात. अर्थात ‘आर रेटिक्युली’ या नावातच तो त्या तारकासमूहातील पहिला ज्ञात रूपविकारी तारा असल्याची नोंद दडलेली आहे. तारकासमूहाचे नावही वेधकार्याशी निगडित आहे. फ्रेंच ज्योतिर्विद लाकाय यांनी १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाचे सर्वेक्षण केले. दुर्बिणीच्या नेत्रिकेत स्थान मोजण्यासाठी ताणलेल्या बारीक तंतूंच्या जाळीची स्मृती म्हणून त्यांनी या लहानशा समूहास हे नाव दिले.

रघुनाथाचार्यांचे कार्य या एका शोधापुरते मर्यादित नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी वनपर्ती येथील निरीक्षक पथकाचे काम त्यांच्याकडे होते. १८७२ साली त्यांना लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व प्राप्त झाले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी सामान्य वाचकांना समजेल अशी पुस्तिका त्यांनी लिहिली व ती इंग्रजीसह भारतीय भाषांतही निघाली. प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग असावे, या मताचे ते पुरस्कर्ते होते आणि दृग्गणित पंचांगाच्या रूपाने त्यांनी ते मत आचरणात आणले. १८८० साली त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा दुवा आहे. वेधानुसारी पंचांगाचा हाच आग्रह त्याच काळात केरो लक्ष्मण छत्रे यांनी महाराष्ट्रात धरला होता. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात अर्वाचीन ज्योतिर्विदांच्या मालिकेत छत्रे यांच्याबरोबर चिंतामणी रघुनाथाचार्य यांचीही दखल घेतली. दीक्षितांनी शिक्षक म्हणून काही काळ धुळे येथे काम केले होते. त्या वेळच्या अखंड खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली विभाजन होऊन पश्चिम खानदेश अस्तित्वात आला, त्याचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजेच मद्रासच्या या निरीक्षकाचे नाव मराठी वाचकांपर्यंत पोहोचविणारा विद्वान याच भूप्रदेशात अध्यापन करून गेला, असे म्हणता येते.

३. ताऱ्याचे स्वरूप :

आर रेटिक्युली हा विषुवांश ४ तास ३३ मिनिटे आणि दक्षिण क्रांती सुमारे ६३ अंश येथे आहे. तेजाच्या परमोच्च अवस्थेत तो सुमारे ६·५ प्रतीपर्यंत पोहोचतो आणि नीचतम अवस्थेत सुमारे १४ व्या प्रतीपर्यंत उतरतो. या संख्यांचा अर्थ पॉगसन यांच्याच प्रमाणाने लावून पाहावा. दोन्ही टोकांतील फरक साडेसात प्रतींचा आहे. पाच प्रतींना शंभर पट, तर उरलेल्या अडीच प्रतींना दहा पट. म्हणजेच एकूण फरक हजार पटींचा होतो. कमाल तेजाच्या वेळी द्विनेत्री दुर्बिणीतून सहज दिसू शकणारा हा तारा काही महिन्यांनी मध्यम आकाराच्या दुर्बिणीलाही दाद देत नाही.

असा प्रचंड बदल घडतो कसा, हे समजण्यासाठी ताऱ्याच्या आयुष्यक्रमाकडे पाहिले पाहिजे. सूर्यासारखा तारा आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ गाभ्यातील हायड्रोजनचे हीलियममध्ये रूपांतर करण्यात घालवितो. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर गाभा आकुंचन पावतो, बाह्य आवरणे प्रसरण पावतात व तारा तांबडा राक्षसी तारा बनतो. त्यानंतर गाभ्यात हीलियमचे ज्वलन होऊन कार्बन व ऑक्सिजन तयार होतात. गाभ्यातील हीलियमही संपल्यावर कार्बन-ऑक्सिजनच्या निष्क्रिय गाभ्याभोवती हीलियम आणि हायड्रोजन यांच्या ज्वलनाचे दोन पातळ थर उरतात. तारा दुसऱ्यांदा, आणि पहिल्यापेक्षाही अधिक, फुगतो. मीरा वर्गातील तारे हे या अखेरच्या टप्प्यातील तारे होत. त्यांची त्रिज्या सूर्याच्या शेकडो पट असते आणि पृष्ठतापमान मात्र सुमारे ३,००० केल्विन इतके कमी असते.

इतके फुगलेले विरळ आवरण स्थिर राहत नाही. ते लयबद्ध रीतीने प्रसरण व आकुंचन पावते. या स्पंदनामागे आवरणातील अंशत: आयनीभूत झालेल्या थरांचा हात आहे. आकुंचनाच्या वेळी हे थर ऊर्जा अडवून धरतात आणि प्रसरणाच्या वेळी ती मुक्त करतात; त्यामुळे स्पंदन विझून न जाता चालू राहते. मीरा वर्गातील ताऱ्यांचे आवर्तकाल सुमारे ८० दिवसांपासून सुमारे १,००० दिवसांपर्यंत असतात. आर रेटिक्युलीचा २७८ दिवसांचा काळ या मर्यादेत मध्यम ठरतो.

तथापि केवळ आकारातील बदलाने दृश्य तेज हजार पटींनी बदलू शकत नाही. या ताऱ्यांचे सर्व तरंगलांबींमध्ये मिळून होणारे एकूण ऊर्जा-उत्सर्जन साधारणपणे एका प्रतीच्या आसपासच बदलते. दृश्य प्रकाशातील मोठा चढउतार हा मुख्यत: तापमानातील बदलाचा व वातावरणातील रेणूंचा परिणाम आहे. तारा थंड होऊ लागला की त्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. त्याच वेळी त्याच्या बाह्य थरांत टायटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू विपुल प्रमाणात तयार होतात व ते नेमका दृश्य प्रकाश शोषून घेतात. खिडकीवर जाड पडदा ओढला असता खोलीतील दिवा तेवढाच जळत असूनही बाहेरून अंधार दिसावा, तसाच हा प्रकार होय. तारा पुन्हा तापला की हे रेणू विघटित होतात, पडदा विरळ होतो आणि दृश्य तेज झपाट्याने वाढते. स्पंदनामुळे बाह्य थरांत आघाततरंग निर्माण होतात; वर्णपटात दिसणाऱ्या हायड्रोजनच्या तेजस्वी उत्सर्जन रेषा हा त्यांचाच पुरावा आहे.

हे आघाततरंग द्रव्य पृष्ठापासून दूर ढकलतात. तेथे ते थंड होऊन धूलिकण तयार होतात आणि प्रकाशाच्या दाबाने ते वायूसह अवकाशात वाहून नेले जातात. अशा रीतीने तारा आपले आवरण गमावीत जातो. अखेर उरलेल्या तप्त गाभ्याच्या प्रारणाने हे वायू प्रकाशमान होतात व बिंबाभ्रिका दिसते. गाभा मात्र श्वेत बटू म्हणून शिल्लक राहतो. सूर्याचाही शेवट सुमारे पाच अब्ज वर्षांनंतरच्या काळात असाच होणार आहे. म्हणून मीरा वर्गातील ताऱ्याचा अभ्यास हा एका अर्थी सूर्याच्या भवितव्याचाच अभ्यास आहे. कार्बनसारखी मूलद्रव्ये अवकाशात पसरविण्याच्या कामीही या ताऱ्यांचा मोठा वाटा आहे.

४. नंदुरबारच्या आकाशातील स्थान :

नंदुरबार शहराचा उत्तर अक्षांश सुमारे २१ अंश २२ कला आहे. एखाद्या स्थळावरून दक्षिणेकडील किती क्रांतीपर्यंतचे तारे क्षितिजावर येतात, हे काढण्याचा नियम सोपा आहे. ९० अंशांतून स्थळाचा अक्षांश वजा करावा. नंदुरबारसाठी ही मर्यादा सुमारे दक्षिण ६८·६ अंश येते. आर रेटिक्युलीची क्रांती दक्षिण ६३ अंश असल्याने तो क्षितिजावर येतो खरा, परंतु याम्योत्तर वृत्तावर असतानाही त्याची उंची केवळ ५·६ अंश असते. मद्रासचा अक्षांश सुमारे १३ अंश असल्याने तेथे हीच उंची सुमारे १४ अंश भरते. गणिताने पाहता नंदुरबारच्या सपाट क्षितिजावर तो एका वेळी सुमारे सव्वापाच तास राहतो. प्रत्यक्षात मात्र उगवतीचा व मावळतीचा बराच काळ धूसर हवेत जातो.

उंचीतील हा फरक दिसतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. तारा जितका क्षितिजालगत, तितका त्याच्या प्रकाशाला हवेचा जाड थर भेदावा लागतो. माथ्यावरील हवेचा थर एक मानला, तर १४ अंश उंचीवर तो सुमारे चार पट आणि साडेपाच अंश उंचीवर नऊ पटींहून अधिक होतो. स्वच्छ हवेत एका थराने सुमारे पाव प्रत इतके शोषण होते असे धरल्यास मद्रासहून हा तारा सुमारे एका प्रतीने, तर नंदुरबारहून सुमारे २·३ प्रतींनी मंद दिसेल. म्हणजे परमोच्च अवस्थेतील ६·५ प्रतीचा तारा येथे जवळजवळ नवव्या प्रतीचा भासेल. हवेत धूळ वा धूर असल्यास शोषण याहूनही वाढते.

ऋतूंची अडचण निराळीच आहे. हा तारा नोव्हेंबरच्या अखेरीस मध्यरात्री, तर जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास याम्योत्तरावर असतो. समजा, एखादे महत्तम तेज १ डिसेंबरच्या सुमारास आले. २७८ दिवसांच्या हिशेबाने त्यापुढील महत्तम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्यानंतरचे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणि त्यापुढील मार्चच्या मध्यास येईल. सप्टेंबरात तारा पहाटे दिसण्याजोगा असला तरी पावसाळी ढग आड येतात. जूनमध्ये तो सूर्याच्या सान्निध्यात असतो. मार्चमध्ये तो संधिप्रकाशातच मावळतीकडे झुकतो. चार आवर्तने पूर्ण होण्यास १,११२ दिवस, म्हणजे तीन वर्षे व सुमारे सोळा दिवस लागतात. तेव्हा कोठे महत्तम तेज पुन्हा डिसेंबरात येते. अर्थात नंदुरबारहून सर्वसाधारणपणे चार आवर्तनांतून एकाच आवर्तनाचे महत्तम तेज पाहण्याची वाजवी संधी मिळते. प्रत्येक आवर्तन नेमके २७८ दिवसांचे नसल्याने हे गणित स्थूल समजावे. परंतु त्यातून निघणारा अर्थ बदलत नाही.

अक्राणी तालुक्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे. ते नंदुरबार शहराहून सुमारे अर्धा अंश उत्तरेस असल्याने ताऱ्याची उंची तेथे तेवढ्याने कमी होते. उलट, मैदानावरील धुळीचा बराच भाग पायाखाली राहतो, हवेचा थर सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होतो आणि कड्याच्या टोकावरून दक्षिणेकडील क्षितिजही खाली दिसते. मात्र त्या दिशेला तापी खोऱ्यातील शहरांचा प्रकाश असतो, हेही विसरून चालणार नाही. स्थळाची निवड नकाशावरून न करता प्रत्यक्ष रात्री पाहूनच करावयास हवी. दिशा ओळखण्यासाठी अगस्त्य व अग्रनद हे दोन तेजस्वी तारे उपयोगी पडतात. नंदुरबारहून याम्योत्तरावर अगस्त्याची उंची सुमारे १६ अंश व अग्रनदाची सुमारे ११ अंश असते. या दोहोंच्या दरम्यान, परंतु त्यांच्याही खाली, जालक तारकासमूह येतो.

५. पर्यायी तारे :

वरील विवेचनावरून आर रेटिक्युली हा नंदुरबारच्या महाविद्यालयांसाठी नियमित वेधांचा विषय होऊ शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या स्वच्छ हिवाळी रात्री तो दिसलाच, तर त्याचे मूल्य दर्शनापुरते राहील. प्रतीचा विश्वसनीय अंदाज त्यातून मिळणार नाही. तथापि याच प्रकारचे, क्षितिजापासून पुरेसे वर येणारे अनेक तारे उपलब्ध आहेत.

मीरा (दक्षिण क्रांती सुमारे ३ अंश) नंदुरबारहून सुमारे ६६ अंश उंचीवर येतो. त्याचा आवर्तकाल सुमारे ३३२ दिवसांचा असून महत्तम तेजाच्या वेळी तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शशक समूहातील आर लेपोरिस (दक्षिण सुमारे १५ अंश) सुमारे ५४ अंश उंचीवर येतो; त्याच्या वातावरणात कार्बनचे प्राबल्य असल्याने त्याचा रंग गडद तांबडा दिसतो. वासुकी समूहातील आर हायड्री (दक्षिण सुमारे २३ अंश) सुमारे ४५ अंश उंचीवर येतो. एल-टू पपिस (दक्षिण सुमारे ४५ अंश) हा अर्धनियमित राक्षसी तारा २४ अंश उंचीवर, तर आर होरोलोजी (दक्षिण सुमारे ५० अंश) हा मीरा वर्गातील तारा सुमारे १९ अंश उंचीवर येतो. आर कॅरिनी मात्र आर रेटिक्युलीप्रमाणेच जेमतेम सहा अंशांपर्यंत पोहोचतो.

यांपैकी आर हायड्री हा तारा दीर्घकालीन नोंदींचे महत्त्व विशेष रीतीने पटवून देतो. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा आवर्तकाल सुमारे ४९५ दिवसांचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सुमारे ३८५ दिवसांवर आला. ताऱ्याच्या अंतरंगातील बदल मानवी कालमापनात टिपता आला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. कोणत्याही एका निरीक्षकाच्या आयुष्यात हा बदल संपूर्ण दिसणे शक्य नव्हते. अनेक पिढ्यांनी आपापल्या रात्रींची नोंद प्रामाणिकपणे ठेवली, म्हणूनच तो उघडकीस आला.

६. वेधपद्धती व अध्यापनातील उपयोग :

रूपविकारी ताऱ्याच्या दृश्य निरीक्षणासाठी १० × ५० ची द्विनेत्री, ताऱ्याच्या परिसराचा नकाशा आणि ज्यांची प्रत निश्चित ज्ञात आहे असे तुलनातारे एवढे साहित्य आरंभी पुरेसे असते. अभ्यासाच्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी व किंचित मंद असे दोन तुलनातारे निवडून त्यांच्या दरम्यान त्याचे स्थान कोठे बसते, याचा अंदाज घ्यावा. तुलनातारे शक्यतो त्याच उंचीवरचे असावेत. अन्यथा वातावरणीय शोषणातील फरक ताऱ्याच्या बदलाचा भाग म्हणून नोंदला जातो. तांबड्या ताऱ्याकडे एकटक पाहत राहिल्यास तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो, म्हणून दृष्टी क्षणभर टाकून काढून घ्यावी. एका विद्यार्थ्याचा अंदाज दुसऱ्यास न सांगता दोघांनी स्वतंत्र नोंद करावी. दिनांक व वेळ ज्यूलियन दिनांकात नोंदविल्यास महिने आणि वर्षे यांचा घोळ राहत नाही.

अशा नोंदींमधून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास लघुगणकी प्रमाण व शोषणाचा नियम, गणिताच्या विद्यार्थ्यास आवर्ती फलने, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यास निरीक्षणातील त्रुटींचे विश्लेषण आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यास अक्षांश व खगोलीय निर्देशांक यांचा प्रत्यक्ष अभ्यास करता येतो. जून ते सप्टेंबर या काळातील खंड ही पश्चिम भारताची अपरिहार्य मर्यादा आहे. त्या महिन्यांत जमविलेल्या नोंदींचे आलेख काढण्याचे काम हाती घेता येईल.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. आज स्वयंचलित दुर्बिणी संपूर्ण आकाश सातत्याने टिपत असताना डोळ्यांनी घेतलेल्या अंदाजांना काय अर्थ उरतो? गाया या अंतराळ दुर्बिणीच्या २०२२ मधील माहितीसंचात दीर्घ आवर्तकालाच्या सुमारे १७ लाख संभाव्य रूपविकारी ताऱ्यांचा समावेश आहे, ही गोष्ट खरी. तथापि मंद ताऱ्यांसाठी बेतलेल्या अनेक भूस्थित सर्वेक्षणांत तेजस्वी ताऱ्यांच्या प्रतिमा संतृप्त होतात व त्यांचे मापन बिघडते. शिवाय शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या नोंदी डोळ्यांनीच घेतलेल्या असल्याने त्यांच्याशी सलग जुळणारी मालिका त्याच पद्धतीने पुढे चालू ठेवणे उपयुक्त ठरते. आणि गेलेल्या रात्रीचे तेज पुन्हा मोजता येत नाही. ती नोंद घेतली गेली नाही, तर ती कायमची गमावली जाते.

भारतात याची दोन उदाहरणे लक्षात घेण्याजोगी आहेत. जेस्सोर येथील कोषागारात नोकरी करणारे राधा गोविंद चंद्र (१८७८–१९७५) यांनी तीन इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचे वेध सुरू केले. अमेरिकेतील रूपविकारी तारा निरीक्षक संघटनेकडे त्यांनी पाठविलेल्या नोंदींची संख्या ३७,००० हून अधिक भरते. त्यांच्या कामाची दखल घेऊन संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरण्यास दिली. दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली व तेथे वीस इंची दुर्बीण होती. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. साधी दुर्बीण असूनही एका कर्मचाऱ्याचे काम अनेक दशके टिकले. उलट मोठी दुर्बीण असूनही महाविद्यालयातील परंपरा एका व्यक्तीच्या पश्चात खंडित झाली. उपकरणापेक्षा नोंदींचे सातत्य आणि ते सांभाळणारी माणसांची साखळी अधिक मोलाची आहे, असा याचा अर्थ होतो.

७. निष्कर्ष :

(१) आर रेटिक्युलीचा शोध हा भारतीय निरीक्षकाच्या दीर्घ, शिस्तबद्ध नोंदकार्याचे फलित होय. चिंतामणी रघुनाथाचार्य यांचे नाव आधुनिक विज्ञानाच्या अध्यापनात अधिक ठळकपणे यावयास हवे.

(२) या ताऱ्याच्या दृश्य तेजातील सुमारे हजार पटींचा बदल हा स्पंदन, तापमान आणि वातावरणातील रेणू यांच्या संयुक्त परिणामाचा आहे. एकूण ऊर्जेतील बदल त्या मानाने अल्प असतो.

(३) नंदुरबारहून या ताऱ्याची कमाल उंची ५·६ अंश असल्याने वातावरणीय शोषण व ऋतुमान यांमुळे त्याचे नियमित वेध व्यवहार्य नाहीत. मीरा, आर लेपोरिस, आर हायड्री व एल-टू पपिस हे येथील महाविद्यालयांसाठी योग्य पर्याय आहेत.

(४) असा उपक्रम एखाद्या वर्षाच्या प्रकल्पापुरता न राहता विभागाच्या नोंदवहीच्या रूपाने पुढील तुकड्यांकडे सोपविला गेला, तरच त्यास संशोधनमूल्य प्राप्त होईल.

रघुनाथाचार्यांनी १८६७ साली ज्या रात्री त्या मंद ताऱ्याची प्रत लिहून ठेवली, त्या रात्री तिचे महत्त्व त्यांनाही कळण्याचे कारण नव्हते. आधीच्या नोंदीशी ती जुळली नाही, तेव्हाच ती महत्त्वाची ठरली. ताडून पाहण्यासाठी आधीची नोंद अस्तित्वात असणे, ही कोणत्याही शोधाची पहिली अट आहे. आणि ही अट पूर्ण करणे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा महाविद्यालयासही अशक्य नाही.